बोट टोचल्यावर काय कळतं?

मी राहते ते डब्लिन आयर्लंडमधलं नव्हे, कॅलिफोर्नियातलं. भारतात पासष्टी उलटली की रक्तदान बंद. इथे रेड क्रॉसची वयाला वरची मर्यादा नाही, प्रकृती ठीक असली की झालं. त्यामुळे आपले ज्येष्ठही हौसेने रक्त द्यायला जातात, ह्याचं मला कौतुकच आहे. पण घरी येऊन 'सगळं चेक केलं, मी एकदम फिट' असं म्हणतात, तेव्हा माझ्यातली नर्स गप्प बसत नाही.

तिथे तपासतात काय? ताप, नाडी, रक्तदाब आणि बोट टोचून हिमोग्लोबिन. रक्तदाबाचंच घ्या. अमेरिकेत वरचा आकडा १८० आणि खालचा १०० पर्यंत असला तरी रक्त घेतात. भारतात हीच मर्यादा १४० आणि ९०. म्हणजे १६० प्रेशरच्या माणसाला मुंबईत घरी पाठवतील आणि इथे तो बाटलीभर रक्त देऊन, बिस्किटं खाऊन हसत बाहेर पडेल! आज रक्त घेतल्याने देणाऱ्याला किंवा रोग्याला अपाय होणार नाही ना, एवढंच ते बघतात. ते १६० वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर मूत्रपिंडाचं काय होईल, हे पाहणं त्यांचं काम नाही.

हिमोग्लोबिन बायकांचं १२.५ आणि पुरुषांचं १३ हवं. कमी भरलं की परत पाठवतात, आणि घरी लगेच बीट, गूळ, खजूर सुरू. खजूर मलिद्यात छान लागतो, पण साठीनंतर हिमोग्लोबिन उतरलं तर रक्त कुठे जातंय हे आधी शोधायला हवं. पोटातला अल्सर, आतड्यातली गाठ, गुडघेदुखीच्या गोळ्यांनी जठरातून होणारा रक्तस्राव, ह्यातलं काहीच खजुराने थांबत नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना दोनदा परत पाठवलं. त्यांना तो अपमान वाटला. मी त्यांच्या मिसेसना म्हटलं, वहिनी, तो आकडा कागदावर लिहा आणि डॉक्टरांकडे न्या. आतड्यात गाठ निघाली. वेळेवर काढली.

बाटलीतल्या रक्ताची पुढे एचआयव्ही, बी आणि सी कावीळ वगैरेंसाठी तपासणी होते. पण मनात शंका असताना फुकट तपासणी होते म्हणून रक्त देणं मला मुळीच पटत नाही. ताजी लागण चाचणीत सुटू शकते, आणि ते रक्त एखाद्या बाळंतिणीला चढायचं.

मार्च २०२५ मध्ये रेड क्रॉसने दात्यांची एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी, मोफत तपासून दिली. मधुमेह आपल्यात घरोघरी, तेव्हा हे फार चांगलं झालं. मात्र असे रिपोर्ट मुलांच्या फोनमध्येच पडून राहतात. छापून घ्या, डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक. भारतातल्या मलेरियाच्या भागात जाऊन आलात तर इथे तीन महिने रक्त घेत नाहीत. विचारतील तेव्हा खरं सांगा. हनुक्काला मुंबईला जाणार असाल तर निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधीच देऊन टाका.