टाळ्या कुणासाठी?

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या सभेला मी करडीहून नवऱ्यासोबत जाते. वर्षभर प्यायला नाही म्हणून त्याला टाळ्या मिळतात. मिळोत, आजारी माणसाला आधार हवाच. पण इतकी वर्षं धानाच्या रोवणीला जाऊन चूल कुणी पेटती ठेवली?

'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' १९३५ साली निघाली. घरच्यांसाठीची 'अल-अॅनॉन' उभी राहायला १९५१ उजाडलं. पिणाऱ्याचा आजार आधी दिसतो, बाईचं सोसणं मागाहून!

बारा पायऱ्यांतली नववी सांगते : ज्यांना दुखावलं त्यांची भरपाई करा. तर बायांनो, नुसत्या माफीवर भागवू नका. त्याची मजुरी घरात मागा, सातबाऱ्यावर नाव मागा. आणि आपली वेगळी सभा भरवा. आपला हिशेब आपणच मांडू.