हुकूमशहा हवा म्हणणाऱ्यांनो, बहात्तरचा दुष्काळ आठवा!

"या देशाला एकदा खमक्या हुकूमशहाच पाहिजे, चीनकडे बघा!" हे वाक्य पूर्वी वरच्या आळीत ऐकू यायचे. आता आपल्या वस्तीतली शिकलेली पोरेही ते फॉरवर्ड करतात. म्हणून आम्ही त्यांना विचारतो: दुष्काळ पडला की कोणत्या राजवटीत कोण मरतो, हे कधी तपासले आहे का?

चीनकडेच बघू. १९५८ साली माओने 'मोठी झेप' जाहीर केली. साहेब खूश व्हावेत म्हणून गावोगावच्या अधिकाऱ्यांनी पिकाचे आकडे फुगवून वर कळवले. सरकारने त्या खोट्या आकड्यांवर शेतकऱ्यांकडून धान्य वसूल केले, वर परदेशातही पाठवले. १९५९ मध्ये संरक्षणमंत्री पेंग दहुआई यांनी चुका दाखवल्या, तर त्यांचेच पद गेले. विरोधी पक्ष नाही, मोकळे वर्तमानपत्र नाही, मोर्चा नाही. १९५९ ते १९६१ या काळात किती माणसे मेली? अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात.

हा दोष फक्त चीनचा नाही. १९४३ साली बंगालमध्ये २० ते ३० लाख माणसे भुकेने आणि रोगराईने मेली. खरी सत्ता लंडनला उत्तर देत होती, आणि मरणाऱ्या शेतमजुराचे मत लंडनमध्ये मोजले जात नव्हते.

आता महाराष्ट्राचा १९७२चा दुष्काळ घ्या. पीक गेले, विहिरी आटल्या. पण सरकारला निवडणुकीत पुन्हा आपल्याच दारात यायचे होते. कामासाठी मोर्चे निघाले, महागाईविरुद्ध बाया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, विधिमंडळात जाब विचारला गेला. सरकारला खडी फोडण्याची, रस्त्याची, तलावाची कामे काढावी लागली. १९७३च्या उन्हाळ्यात अशा कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. आपल्या आज्या सुकडी आणि मिलो खाऊन जगल्या, पण जगल्या. त्यातूनच १९७७चा रोजगार हमी कायदा आला. अमर्त्य सेन हेच सांगतात: जिथे निवडणुका आणि मोकळी वर्तमानपत्रे आहेत, तिथे मोठा भूकबळी दुष्काळ पडत नाही. सत्ताधारी दयाळू असतात म्हणून हे घडत नाही. त्यांना खुर्ची जाण्याची भीती असते म्हणून घडते.

यावर आमचे मित्र म्हणतील, लोकशाहीने आपल्याला काय दिले? त्याच १९७२ साली बावड्यात दलितांवर बहिष्कार पडला नव्हता का? पडला होता. पण त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने मंत्र्यांना रस्त्यावर जाब विचारला. माओच्या चीनमध्ये पँथरची पहिली सभा तरी झाली असती का?

सेन यांचा दुसरा मुद्दाही आम्ही लपवत नाही. आरोग्यात आणि साक्षरतेत चीनने भारताला मागे टाकले. आपल्याकडे दुष्काळ बातमी होतो, पण मेळघाटातले रोजचे कुपोषण वर्षानुवर्षे तसेच राहते. कारण लोकशाही आपोआप चालत नाही. ज्याचा आवाज मोठा, त्याचेच ती आधी ऐकते. यावर उपाय आवाज वाढवण्याचा आहे. तोंडच बंद करणारा मालक आणून मेळघाटातल्या आईचे कोण ऐकणार?

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. त्याच भाषणात त्यांनी भिक्खू संघाचा दाखला दिला. ठराव, गणसंख्या, मतमोजणी हे नियम संघाला माहीत होते. म्हणजे प्रश्न विचारून, मत मोजून निर्णय घेण्याची रीत आपल्याच वारशात आहे. ती सोडून आपण कुणाच्या तसबिरीपुढे हात जोडायचे?

तेव्हा मित्रांनो, फॉरवर्ड थांबवा आणि ग्रामसभेला जा. हजेरीपटावर कोणाची नावे आहेत, रेशनचे धान्य कुठे जाते, वस्तीचा निधी कुठे खर्च झाला, हे माहितीच्या अधिकारात लेखी मागा. उत्तर मिळेपर्यंत उठू नका. हुकूमशाहीत सर्वांत आधी बंद होते ते हेच विचारणे, आणि त्याची किंमत सर्वांत आधी मोजतो तो गावकुसाबाहेरचा माणूस.

जय भीम! जय संविधान!