ओझे कुणाचे, पाठ कुणाची?

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यात कृष्णेचा पूर ओसरू लागला, तेव्हा सांगलीतील अनेक घरांचा संसार उंबरठ्याबाहेर येऊन पडला होता. आयर्विन पुलापाशी पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. फुगून फाटलेली प्लायवुडची कपाटे, गाळाने भरलेले सोफे, बंद पडलेले शीतकपाट आणि या सर्वांवर रचलेल्या, पाणी पिऊन जड झालेल्या गाद्या. राज्याच्या कानाकोपऱ्यांतून कार्यकर्ते धावून आले, गुडघाभर चिखलात उतरले, घरे धुऊन काढली. त्यांचे कौतुक झाले आणि ते यथायोग्यच झाले. परंतु एक प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही. घरातून उंबरठ्यापर्यंत गादी कार्यकर्त्यांनी आणली. उंबरठ्यापासून कचरा डेपोपर्यंत ती कुणी नेली?

ती नेली महापालिकेच्या आणि कंत्राटदाराच्या सफाई कामगारांनी. कार्यकर्ते आठवड्याने घरी परतले. कामगार मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा हजेरीवर उभे राहिले, कारण पूर असो वा नसो, शहरांतून असे सामान रोजच बाहेर पडत असते. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत माळे रिकामे होतात, नवे फर्निचर घरी येते आणि जुना दिवाण रात्रीच्या अंधारात कोपऱ्यावरच्या कचराकुंडीशेजारी नेऊन ठेवला जातो. सकाळी सोसायटीपुरता प्रश्न सुटलेला असतो.

एके काळी हे सामान टाकले जात नव्हते. कापसाची गादी दबली की पिंजारी दारात येई, कापूस पिंजून तीच गादी नव्याने भरून देई. सागवानी पलंग आजोबांकडून नातवाकडे जाई. फोम, काथ्या, स्प्रिंग आणि डिंक यांनी एकजीव केलेल्या आजच्या गादीला पिंजाऱ्याचा उपयोग नाही आणि भंगारवाल्यालाही तिच्यात रस नाही. तो फार तर सोफ्याचे लोखंड काढून घेतो आणि उघड्या पडलेल्या खिळ्यांसह उरलेला सांगाडा तेथेच सोडून जातो. ज्या वस्तूला बाजारात मोल उरत नाही, ती शेवटी सफाई कामगाराच्या पाठीवर येते.

या पाठीचे काय होते? गादीला धरायला कान नसतो, कपाटाला मूठ नसते. ओझे शरीरापासून दूर धरावे लागते, कमरेत वाकून उचलावे लागते आणि गाडीत टाकताना अंग पिळावे लागते. मणक्यांना यापेक्षा वाईट हालचाल दुसरी नाही. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९१ साली सुधारलेल्या सूत्रानुसार ओझे अंगाजवळ, कमरेच्या सुमारास, दोन्ही हातांनी नीट धरता येणारे आणि अंग न वळवता उचलायचे असेल, तर त्याची शिफारस केलेली मर्यादा २३ किलो आहे. यांतील एकेक अट मोडत जाईल तशी ती मर्यादा खाली येते. कोपऱ्यावर पडलेल्या सोफ्यापाशी यांपैकी किती अटी पाळल्या जात असतील?

ओझे हे एकच संकट नव्हे. दाबयंत्राच्या गाडीत, म्हणजे कॉम्पॅक्टरमध्ये, लाकूड आणि गादी एकत्र दाबली जात असताना स्प्रिंग सुटते, फळीची कपची उडते, शोकेसच्या काचा फुटतात. पाते फिरत असताना मागच्या तोंडासमोर कुणी उभे राहू नये, बाजूला व्हावे, हा साधा नियम आहे. पण खेपा पूर्ण करण्याची घाई असली की तो पहिल्यांदा मोडतो. जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या नळीच्या काचेत शिसे असते, ट्यूबलाइटमध्ये पारा. मोडक्या शेडबरोबर येणाऱ्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो. पत्रा फोडताना उडणारी त्याची धूळ आज खोकलाही आणत नाही आणि काही दशकांनी फुप्फुस निकामी करते. २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने बळी घेतले, हेही विसरता येत नाही. उंदराच्या मूत्राने दूषित झालेले पाणी हाताच्या एका ओरखड्यातून शरीरात जाते आणि खिळ्यांशी गाठ असलेल्या हातांवर ओरखड्यांची वानवा नसते.

कायदा नाही असे मुळीच नाही. घनकचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराला गणवेश, चमकणारे जाकीट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणे आणि मुखपट्टी मिळाली पाहिजे आणि ती वापरली जाते की नाही हे पाहिले पाहिजे, असे बंधन २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच स्थानिक स्वराज्य संस्थांवर घातले होते. परंतु हातमोजे एकाच मापाचे येतात, स्त्रियांच्या हातात ते राहत नाहीत. घामाने ओले झाले की ओझे निसटते, म्हणून काढून ठेवले जातात. (रेनकोट दसऱ्याच्या सुमारास वाटले जातात, हा कामगारांचा विनोद आता जुना झाला.) आणि मुख्य म्हणजे, हातमोजा तळहात वाचवतो, मणका वाचवत नाही.

येथे महाराष्ट्राच्याच श्रमिक इतिहासाचे स्मरण व्हावे. या राज्यातील बाजारपेठांत हमाल १०० किलोचे पोते पाठीवर वाहत असत. १९६९ साली माथाडी कायदा झाला. १९६७ सालीच आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने एका प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली होती. बराच झगडा झाल्यावर ५० किलोचे पोते बाजारात रुळले. व्यापार बुडाला नाही, धान्यही महागले नाही. हमालाच्या पाठीला न्याय मिळाला, कारण पोत्याला वजन होते आणि त्या वजनावर भांडता येत होते. कोपऱ्यावरच्या कपाटाचे वजन कोण करतो? कचरा मोजला जातो तो डेपोच्या वजनकाट्यावर, गाडीसकट, टनांमध्ये. कारण त्यावर कंत्राटदाराचे बिल निघते. माणसाच्या पाठीवरचा आकडा कुठल्याच वहीत लिहिला जात नाही.

१९४८ च्या कारखाना कायद्याने इजा होईल इतके जड ओझे कामगाराला उचलायला लावण्यास मनाई केली होती. पण रस्ता हा कारखाना नव्हे! १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातील व्यावसायिक रोगांच्या यादीत शिसे होते, पारा होता, संसर्गही होता. ओझी उचलून झिजलेला कणा मात्र नव्हता. गटारात गुदमरून कामगार मरतो तेव्हा निदान वृत्तपत्रांत बातमी येते, त्यासाठी २०१३ चा कायदा आहे. ज्याची चकती सरकली तो मरत नाही. तो चार दिवस बिनपगारी घरी राहतो, पट्टा बांधून परत येतो आणि एके दिवशी येतच नाही. कंत्राटदार दुसरा माणूस उभा करतो. तो दुसराही बहुतेक वेळा त्याच वस्तीतला, त्याच जातींतला असतो. समरसतेवर व्याख्याने ऐकणाऱ्या समाजाने या एका वाक्यापाशी थोडे थांबायला हरकत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षेची नवी संहिता लागू झाली असून चाळिशी ओलांडलेल्या कामगारांच्या मोफत वार्षिक तपासणीचे आश्वासन तिच्यासोबत आले आहे. ही तपासणी रक्तदाब आणि साखरेवर संपणार असेल, तर सफाई कामगाराला तिचा उपयोग अर्धाच. त्याचा मणका आणि गुडघे तपासले गेले पाहिजेत, त्याची नोंद कंत्राट बदलले तरी टिकली पाहिजे.

पालिकांना करता येण्याजोगे बरेच आहे आणि त्यात अवघड काही नाही. जपानमध्ये मोठे सामान टाकायचे असेल तर आधी दूरध्वनी करून दिवस ठरवावा लागतो, शुल्काची चिठ्ठी विकत घेऊन वस्तूवर चिकटवावी लागते. काय उचलायचे आहे हे आधी कळले की तेवढी माणसे आणि तशी गाडी पाठवता येते. आपल्याकडे एका सोफ्यामागे दोन माणसे, मागे उतरती फळी असलेली बुटकी गाडी आणि चाकांची ढकलगाडी एवढी व्यवस्था केली, तरी निम्मे ओझे पाठीवरून उतरेल. कंत्राटाच्या कागदात टनांचा दर असतो. त्याच कागदात माणसांची किमान संख्या का नसावी? शुल्क आकारले तर मध्यमवर्ग कुरकुर करील, हे खरे. ४० हजारांचा नवा सोफा घेणाऱ्याने जुना नेण्यासाठी काहीशे रुपये मोजताना कुरकुर करावी, हे मात्र नवलच.

आणि काही गोष्टींसाठी पालिकेची वाट पाहण्याचेही कारण नाही. गादी पावसात न ठेवता जिन्याखाली कोरडी ठेवणे, कपाटाची काच काढून कागदात गुंडाळून वेगळी देणे, खिळे उपटणे किंवा वाकवणे, हे अर्ध्या तासाचे काम आहे. गणेशोत्सवात मंडपाचे खांब उभारणारी तरुण मुले प्रत्येक सोसायटीत असतात. तिसऱ्या मजल्यावरचा दिवाण खाली आणायला चौघे जण पुरतात, आणि गाडी आल्यावर तो फाळक्यापर्यंत उचलून देण्यासाठी ते आणखी पाच मिनिटे थांबू शकतात.