हप्ता, उचल आणि मोटारसायकल

बीड (प्रतिनिधी) - दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातील गावे रिकामी होऊ लागतात. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. ट्रक आणि ट्रॅक्टरमधून बिऱ्हाड जाते. मागे-पुढे त्याच टोळीतील तरुणांच्या मोटारसायकली धावत असतात. एकेकाळी सधन शेतकऱ्याच्या किंवा गुरुजींच्या दारातच दिसणारी ही गाडी आता उसाच्या फडावरील कोपीसमोर उभी दिसते. या दृश्याला जिल्ह्याच्या प्रगतीचा पुरावा म्हणावे की वाढत्या कर्जाचा, हा प्रश्न मात्र सहज सुटणारा नाही. गाडी घेण्यासाठी लागणारा पैसा, ती चालविण्याचा खर्च आणि ती दुरुस्त करण्याची सोय या तिन्ही बाजू तपासल्याखेरीज त्याचे उत्तर मिळत नाही.

गरज कशातून निर्माण झाली?

बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १०,६९३ चौरस किलोमीटर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५ लाख ८५ हजार असून, दर पाच माणसांमागे चार माणसे ग्रामीण भागात राहतात. बालाघाटाच्या डोंगररांगांमुळे आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर या तालुक्यांतील वाड्या-वस्त्या विखुरलेल्या आहेत. परळी वैजनाथला रेल्वे फार पूर्वी आली. जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या बीड शहराला मात्र अहिल्यानगरहून येणाऱ्या पहिल्या प्रवासी गाडीसाठी १७ सप्टेंबर २०२५ पर्यंत वाट पाहावी लागली.

ग्रामीण प्रवासाचा भार त्यामुळे वर्षानुवर्षे एसटीवर राहिला. एसटी मुख्य रस्त्यावर सोडते, पुढचे तीन-चार किलोमीटर पायी जावे लागतात, हा अनेक वस्त्यांचा अनुभव आहे. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबलेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप ज्यांनी सोसला, त्यांना स्वतःच्या वाहनाचे महत्त्व वेगळे सांगावे लागले नाही. दूध संकलन केंद्र गाठणे, तालुक्याच्या दवाखान्यात रुग्ण नेणे, मुलांना शाळेत पोहोचविणे, खताची गोणी आणणे या साऱ्या कामांना दारातील मोटारसायकल उपयोगी पडते. येथे ती चैनीची वस्तू राहिलेली नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

गाडीची निवड

ग्रामीण मराठवाड्यातील गाडीच्या निवडीचा इतिहास रंजक आहे. लुना, राजदूत, येझदी आणि बुलेट यांचा जमाना ओसरला तो १९८५ नंतर. त्या वर्षी हिरो होंडाची सीडी १०० ही चार स्ट्रोकची गाडी बाजारात आली. इंधनात तेल मिसळण्याची गरज नाही आणि एका लिटरमध्ये दूरचा पल्ला, हे समीकरण ग्राहकाला पटले. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि तिने गावागावांत घर केले. दुसरीकडे बजाजचा वाळूज येथील कारखाना शेजारच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात १९८५ मध्येच उभा राहिला होता. पुढे बॉक्सर, सीटी १०० आणि २००६ मधील प्लॅटिना या गाड्यांनी कमी किमतीत तोच पर्याय दिला. २००१ मध्ये आलेल्या पल्सरने तरुणांना वेगाची ओढ लावली; परंतु घरातील कर्त्या माणसाचे मत आजही शंभर सीसीच्या बाजूने पडते.

त्यामागील कारणे व्यवहाराची आहेत. खेड्यातील ग्राहक शोरूममध्ये तीन प्रश्न विचारतो. ‘ॲव्हरेज’ किती, सुटे भाग तालुक्याला मिळतात का, आणि चार वर्षांनी विकली तर किती येतील? ज्या गाडीचा क्लचप्लेट, केबल किंवा चेन-सेट नेकनूरच्या किंवा सिरसाळ्याच्या दुकानात मिळतो, तीच गाडी खरी, हा त्याचा निकष असतो. जाहिरातीतील पल्ल्यापेक्षा हा निकष अधिक शहाणपणाचा म्हणावा लागेल. ओढा ओलांडणारी, दोन माणसे आणि एक गोणी वाहणारी गाडी निवडताना सीटची उंची आणि मागील शॉकॲब्सॉर्बरची ताकद पाहणे हे इंजिनाच्या क्षमतेइतकेच महत्त्वाचे असते.

किमतीचा आलेख मात्र ग्राहकाच्या हातात राहिलेला नाही. १ एप्रिल २०१७ पासून सर्वोच्च न्यायालयाने बीएस-३ वाहनांची विक्री थांबविली, तेव्हा आदल्या दोन दिवसांत भरघोस सवलतींमुळे देशभरातील शोरूमपुढे झुंबड उडाली होती. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले. कार्बोरेटरची जागा इंधन इंजेक्शन यंत्रणेने घेतली आणि किमती वाढल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. जी गाडी जुन्या कराने ८० हजार रुपयांना पडत होती, ती नव्या कराने ७३ हजार ७५० रुपयांना पडते. तथापि त्यावर नोंदणी, पथकर आणि विमा जोडून होणारी ‘ऑन रोड’ किंमतच खिशातून जात असते. घासाघीस करावयाची ती याच आकड्यावर.

हप्त्याचे गणित

रोखीने गाडी घेणारा ग्राहक आता अपवादानेच आढळतो. थोडे ‘डाउन पेमेंट’ भरून उरलेली रक्कम फायनान्सवर घेतली जाते. येथे व्याजाच्या दराचा घोळ समजून घेणे आवश्यक आहे. समजा, ८० हजार रुपयांचे कर्ज तीन वर्षांसाठी सरळ १२ टक्के दराने घेतले. व्याज होते २८ हजार ८०० रुपये, एकूण परतफेड १ लाख ८ हजार ८०० आणि मासिक हप्ता सुमारे ३ हजार २२ रुपये. परंतु मुद्दल दरमहा कमी होत असताना व्याज मात्र सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर आकारले जाते. घटत्या शिल्लक रकमेवर मोजल्यास हाच दर वर्षाला सुमारे २१ टक्के भरतो. शोरूममधील टेबलावर ‘बाराच टक्के’ असे सांगितले जाते, तेव्हा दर सरळ आहे की घटत्या शिलकीवर, एवढा एक प्रश्न विचारला तरी हजारो रुपयांचा फरक उघड होतो.

या हप्त्याला पेट्रोल जोडले पाहिजे. महिन्याचे पंचवीस दिवस रोज तीस किलोमीटर गाडी चालली, साठचा पल्ला मिळाला आणि पेट्रोलचा दर लिटरला १०५ रुपये धरला, तर महिन्याला साडेबारा लिटर, म्हणजे सुमारे १ हजार ३०० रुपये लागतात. ऑइल आणि किरकोळ दुरुस्ती वेगळी. पगारदार माणसाला हा साडेचार हजारांचा खर्च झेपतो. ज्याचे उत्पन्न हंगामी आहे, त्याचे काय?

ऊसतोड मजुराच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ मानला जातो आणि हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतली जाते. ही रक्कम अनेकदा लाखाच्या घरात जाते आणि नंतर तोडलेल्या उसाच्या टनांतून ती फेडावी लागते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाल्यानंतर हा दर टनामागे सुमारे ३६६ रुपये झाला. या हिशेबाने मोटारसायकलचा एक हप्ता म्हणजे सव्वाआठ टन ऊस! एका कोयत्याने दिवसाला दोन टन तोडला असे मानले, तरी दोघांची चार दिवसांची मजुरी एका हप्त्यात जाते. त्यातही अडचण अशी, की ती मजुरी हातात पडतच नाही. ती उचलीत वळती होते. परिणामी गाडीचा हप्ता भरण्यासाठी पुन्हा मुकादमाकडेच हात पसरावा लागतो आणि पुढील हंगामाची उचल आधीच खर्ची पडते. गाडी दारात येते, पण तिच्यासोबत पुढच्या वर्षीचे स्थलांतरही निश्चित होऊन येते.

हप्ते थकले, की गाडी ओढून नेण्याचे प्रकार घडतात. याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच वसुलीसाठी दांडगाई करणाऱ्या माणसांचा वापर निषिद्ध ठरविला आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ मधील निर्देशांनुसार थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर दूरध्वनी करता येत नाही. हे नियम वस्तीपर्यंत पोहोचलेले नाहीत, हीच खरी उणीव आहे.

जुन्या गाडीचे कागद

नवी गाडी परवडत नाही, त्याच्यासाठी जुन्या गाड्यांचा बाजार खुला असतो. येथे इंजिनाचा आवाज, सायलेन्सरमधून निघणारा निळसर धूर, चेसिसवरील क्रमांक यांची पारख करणारे जाणकार गावोगाव आहेत. कागदांची पारख करणारे मात्र थोडे. गाडीवर फायनान्सचा बोजा असेल, तर तो उतरल्याचा दाखला घेतल्याखेरीज व्यवहार करू नये. नमुना २९ आणि ३० भरून आरटीओत नाव बदलून घेणे हे विकणाऱ्याच्याही हिताचे असते. आरसी बुकावर ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. स्टॅम्पपेपरवर गाडी विकून मोकळा झालेला माणस दोन वर्षांनी अपघाताच्या भरपाईच्या दाव्यात ओढला जाऊ शकतो, तो यामुळेच.

नोंदणीची मुदत पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसविण्याची सक्ती राज्यात झाली, दुचाकीसाठी कर वगळून ४५० रुपये दर ठरला आणि २०२५ मध्ये मुदत वारंवार वाढविण्यात आली. एमएच २३ आणि अंबाजोगाईच्या एमएच ४४ क्रमांकाच्या कित्येक गाड्या तीन-चार हातांतून गेलेल्या आहेत. मूळ मालकाच्या नावावरच राहिलेल्या अशा गाड्यांच्या आजच्या चालकांना या सक्तीमुळे जुने कागद शोधणे भाग पडले.

गॅरेजवाल्याची कोंडी

गाडीचे आयुष्य ठरते ते मिस्त्रीच्या हातात. बसस्थानकामागील टपरीवजा गॅरेजमध्ये वयाच्या बाराव्या-चौदाव्या वर्षी पाने-पकड हाती घेतलेले कारागीर कार्बोरेटर उघडून जेट साफ करणे, प्लगची फट बसविणे, क्लचप्लेट बदलणे, सिलिंडरला बोअर मारून नवे पिस्टन बसविणे ही कामे डोळे मिटून करतात. जुनी शंभर सीसीची गाडी पंधरा-वीस वर्षे चालते, याचे निम्मे श्रेय या कारागिरांना द्यावे लागेल.

२०२० नंतरच्या गाड्यांनी या कौशल्यापुढे आव्हान उभे केले आहे. इंजेक्शन यंत्रणेत दोष कोठे आहे, हे कानाने ओळखता येत नाही. त्यासाठी स्कॅनर लागतो. सेन्सर बिघडला, तर तो ‘घासून’ चालत नाही, बदलावाच लागतो. बॅटरी पूर्ण उतरली, की इंधनपंप चालत नाही आणि किक मारूनही गाडी सुरू होण्याची खात्री राहत नाही. यासाठी गाडी जिल्ह्याच्या ठिकाणच्या अधिकृत केंद्रात न्यावी लागते. त्यात एक दिवसाची मजुरी बुडते. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून या कारागिरांसाठी सायंकाळचे अल्प मुदतीचे वर्ग चालविले गेले, तर ग्राहक आणि मिस्त्री या दोघांचीही सोय होईल.

मालकाच्या हातात असलेल्या गोष्टीही थोड्या नाहीत. धुळीच्या रस्त्यावर एअर फिल्टर लवकर भरतो आणि ॲव्हरेज घटतो. तो वेळेवर साफ करणे, कंपनीने सांगितलेल्या अंतरावर ऑइल बदलणे, चेनला तेल देऊन ताण नीट ठेवणे, टायरमधील हवा आठवड्याला तपासणे एवढ्याने मोठा खर्च टळतो. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीत जिल्ह्यातील नद्यांना पूर आले होते. पाण्यात बुडालेली गाडी लगेच सुरू करण्याचा मोह अशा वेळी महागात पडतो. इंजिनात पाणी असताना किक मारल्यास कनेक्टिंग रॉड वाकण्याची भीती असते. प्लग काढून पाणी निघू द्यावे आणि ऑइल बदलून मगच गाडी सुरू करावी, हे साधे पथ्य आहे.

ऊस तोडणारा आणि इथेनॉल भरणारा

या विषयाला आणखी एक विचित्र पदर आहे. देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. हे इथेनॉल मका, तांदूळ आणि उसापासून तयार होते. म्हणजे बीडचा मजूर जो ऊस तोडतो, त्याचाच काही अंश त्याच्या गाडीच्या टाकीत परत येतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने जुन्या धाटणीच्या दुचाकींचा पल्ला ३ ते ४ टक्के घटेल असा अंदाज दिला होता. वर मांडलेल्या हिशेबात ही घट महिन्याला चाळीस ते पन्नास रुपयांची ठरते. रक्कम लहान, पण इथेनॉलमुळे कारखान्याला मिळणाऱ्या उत्पन्नात तोडणी मजुराचा वाटा किती, हा प्रश्न मोठा आहे.

विमा आणि हेल्मेट

१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा घेणे बंधनकारक आहे. ही मुदत संपल्यावर नूतनीकरणाकडे दुर्लक्ष होते. २०२२ च्या दरपत्रकानुसार ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीसाठी वर्षाला कर वगळून ७१४ रुपये पडत होते. दिवसाला दोन रुपये. विमा नसताना अपघात झाला, तर भरपाई मालकाच्या जमिनीवरून वसूल होऊ शकते. हेल्मेटची कथा याहून गंभीर आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली, त्यांत ४४.५ टक्के दुचाकीवरील होती आणि हेल्मेट नसलेल्या मृतांची संख्या ५० हजारांवर होती. उसाने भरलेल्या, मागे दिवा किंवा परावर्तक नसलेल्या ट्रॉल्या हंगामात रात्री रस्त्यावर असतात. त्या रस्त्यावरून बोडक्या डोक्याने गाडी हाकणे म्हणजे घरच्या कर्त्या माणसाला पणाला लावणे होय.

सारांश, मोटारसायकलने बीडच्या माणसाला अंतरावर मात करण्याचे बळ दिले आहे. मात्र गाडीची किंमत शोरूमच्या फलकावर पूर्ण दिसत नाही. व्याजाचा खरा दर, नाव बदललेले आरसी बुक, चालू विमा आणि हाताशी असलेला मिस्त्री यांचा हिशेब करून घेतलेली गाडी घराला आधार देते. उचलीच्या भरवशावर घेतलेली गाडी मात्र हंगाम संपला तरी माणसाला फडाशीच बांधून ठेवते. कर कमी करून गाडी स्वस्त झाली. ती फेडण्यासाठी गावातच वर्षभराचे काम मिळेल, तेव्हाच तिची चावी खऱ्या अर्थाने मालकाच्या हाती येईल.