सुपारी आणि हशा

एका चित्रपटासाठी अग्रलेखाची जागा खर्ची घालावी काय, असे आमचे काही वाचक विचारतील. त्यांची शंका रास्त आहे. परंतु आर्वी तालुक्यातील रोहणा येथे पारावर बसून गेले काही दिवस आम्ही जे ऐकत आहोत, ते केवळ एका चित्रपटाविषयीचे बोलणे नाही.

प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट २३ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. चित्रपटगृहांतून तो केव्हाच उतरला. खेड्यातील तरुणांच्या भ्रमणध्वनीवरून मात्र उतरलेला नाही. जमीन विकून बसलेला बाप, शहरात हमालीवर आलेले कुटुंब आणि टोळीत शिरून माणसे मारू लागलेला मुलगा, अशी त्याची कथा. मुलाचे काम ओम भूतकर यांनी आणि बापाचे मोहन जोशी यांनी केले आहे. पारावरच्या तरुणांना त्यातील गुंडांचे संवाद तोंडपाठ आहेत. एकाने आरंभ करावा, दुसऱ्याने पुरा करावा आणि सर्वांनी हसावे. गोळी घालण्यापूर्वीची ती बेफिकिरी, तो विनोद, ती ऐट त्यांना भावते. आमच्या कार्यकर्त्यांचे मत याच्या अगदी उलट: हा गुंडगिरीचा गौरव आहे, याचा निषेध झाला पाहिजे. प्रस्तुत लेखकानेही चित्रपट न पाहताच या मताला मान डोलावली होती, हे येथे कबूल केले पाहिजे. चाळीस वर्षे अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने आकडा न पाहता निष्कर्ष काढावा, तसाच हा प्रमाद.

पाहिल्यावर ध्यानात आले की हशा आणि निषेध, दोन्हींचे लक्ष बंदूक धरणाऱ्या हाताकडेच आहे.

सुपारी हा शब्दच पाहा. आपल्याकडे सोयरीक ठरली की सुपारी फुटते. तमाशाच्या फडाला गावाने बोलाविले की त्याला सुपारी मिळाली असे म्हणतात. म्हणजे हा कराराचा आणि विसाराचा शब्द. मनुष्यवधाच्या धंद्याने तो उचलला, कारण तोही एक करारच आहे. मात्र त्यात सारी जोखीम मजुराची आणि सारा लाभ मालकाचा. कागद नसतो, साक्षीदार नसतो आणि काम झाल्यावर मजुराला ओळखण्याचे मालकावर बंधन नसते. बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरावा तसा माणसाच्या जिवाचा भाव ठरताना पडद्यावर दिसतो, तेव्हा प्रेक्षकाला हसू येते. ते हसणे पाप आहे असे आम्हांस वाटत नाही. १९९८ साली राम गोपाल वर्मा यांच्या ‘सत्या’तील भिकू म्हात्रे या मराठी गुंडावर लोक असेच लुब्ध झाले होते. शहराला धाक दाखविणारा हा माणूस घरात बायकोपुढे नमतो, हे पाहून ते हसले. त्याच भिकूला ज्याच्यासाठी त्याने निवडणूक जिंकून दिली तो पुढारी गोळी घालतो, आणि तो पुढारी अखेर गणेशविसर्जनाच्या गर्दीत मारला जातो. प्रेक्षक समाधानाने घरी जातो.

प्रत्यक्षात असे समाधान मिळत नाही. छत्तीसगडच्या खाणी आणि कारखान्यांतील कामगारांचे नेते शंकर गुहा नियोगी यांना २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत झोपेतच गोळ्या घालण्यात आल्या. सत्र न्यायालयाने मारेकऱ्याबरोबर उद्योगपतींनाही दोषी ठरविले होते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयात शेवट झाला तो असा: गोळी झाडणाऱ्या पल्टन मल्लाहला जन्मठेप, उद्योगपती निर्दोष. मुंबईत १६ जानेवारी १९९७ रोजी दत्ता सामंत यांची हत्या झाली. कट रचल्याच्या आरोपातून छोटा राजन २०२३ साली पुराव्याअभावी सुटला. न्यायालयापुढे जो पुरावा येतो त्यावरच निकाल होणार, यात वाद नाही. पण पुरावा नेहमी बंदुकीपाशीच का सापडतो आणि पैशापर्यंत का पोहोचत नाही, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

मुळशी हे नाव आमच्या पिढीला वेगळ्या कारणाने ठाऊक होते. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी तेथे सत्याग्रह केला. तो मोडला त्याची कारणे अनेक. परंतु तेथील बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या आणि त्यांना नुकसानभरपाई हवीच होती, हे त्यांतील मोठे कारण. कसणाऱ्याच्या हाती काय आले, ते सांगावयास नको. त्याच तालुक्यात पुढे हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान केंद्र उभे राहिले, एकरांचे गुंठे झाले आणि सत्याग्रहाच्या नावाला ‘पॅटर्न’ हा शब्द येऊन चिकटला. २०२१ साली याच कथेवरून ‘अंतिम’ हा हिंदी चित्रपट निघाला. त्यात पोलीस अधिकाऱ्याचे काम सलमान खान यांच्याकडे गेले आणि कथेचा तोल जमिनीकडून वर्दीकडे सरकला. बाजाराला सातबाऱ्यापेक्षा वर्दी अधिक विकता येते.

आता आमच्याकडे पाहू. विरूळजवळून समृद्धी महामार्ग गेला. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. जमिनीचा पैसा आला. कोणी घर बांधले, कोणी दुसरीकडे वावर घेतले, कोणाच्या पोराने गाडी घेतली. पैसा संपल्यावर काय, हा प्रश्न अद्याप कोणी मोठ्याने विचारलेला नाही. दारूबंदी असलेल्या या जिल्ह्यात नदी ओलांडली की अमरावती जिल्ह्यातील दुकाने उघडी असतात, आणि रिकाम्या हातांना बेकायदा धंद्याची पहिली मजुरी तेथून माल आणण्यातच मिळते. ही सुपारी नव्हे. पण मजूर तोच, जोखमीची वाटणी तीच.

म्हणून कार्यकर्त्यांनी निषेधाचे पत्रक तूर्त बाजूला ठेवावे. या मुलांबरोबर बसून तो चित्रपट पुन्हा पाहावा, हसू आले तर हसावे, आणि मग कोणाची किती जमीन गेली, किती रक्कम आली, आज किती उरली याचा हिशेब त्यांच्याच वहीत त्यांच्याच हाताने मांडून घ्यावा.

परवा पारावर एक मुलगा तावातावाने म्हणाला, “बापानं जमीन विकली नसती तर पोरगा बिघडलाच नसता.” एरवी गप्प बसणारे एक वृद्ध शेतकरी तेथे होते. चित्रपटात त्यांनी फक्त बापच पाहिला होता. ते म्हणाले, “वावर इकलं नसतं, तं कर्ज कायनं फेडलं असतं बाप्पा?” त्यावर कोणी हसले नाही.