भाषाविज्ञानात एम.ए. करायचंय? अर्ज कुठं करावा?

बी.ए.चं शेवटचं वर्ष आलं की "सर, पुढं काय?" हा प्रश्न ठरलेला असतो. बहुतेकांचं उत्तरही ठरलेलंच, बी.एड. नाहीतर स्पर्धा परीक्षा. पण वर्गात एखादा तरी असा निघतो, ज्याला भाषाविज्ञानाचा पेपर मनापासून आवडलेला असतो. स्वनिम, रूपिका हे शब्द ऐकून बाकीच्यांचं डोकं दुखतं आणि याला मात्र त्यात गंमत वाटते. हा लेख त्याच्यासाठी आहे. किंवा तिच्यासाठी.

माझं मत आधीच सांगतो. विद्यापीठाच्या नावावर जाऊ नका. तुमच्या कानावर लहानपणापासून जी भाषा पडली, तिच्यावर काम करणारी माणसं कुठं आहेत ते शोधा आणि तिथं अर्ज करा.

त्याआधी एक कडू गोष्ट. एम.ए. मराठीत भाषाविज्ञानाचा एखादा पेपर असतो, तो वेगळा. एम.ए. भाषाविज्ञान ही पूर्ण वेगळी पदवी आहे. तिची नेट वेगळ्या विषयाची होते. आपल्याकडच्या कॉलेजात जागा निघते ती 'मराठी' या विषयाची, आणि तिथं भाषाविज्ञानाची पदवी घेऊन गेलात तर पात्रतेचाच प्रश्न उभा राहतो. ज्या घराला दोन वर्षांत पगार हवा आहे, त्या घरच्या मुलानं लातूर-नांदेडला एम.ए. मराठी करावं आणि भाषाविज्ञान जोडीनं वाचत राहावं, असं मी स्पष्ट सांगतो. यात कमीपणा काही नाही. पण पीएच.डी.पर्यंत पाच-सात वर्षं द्यायची तयारी असेल, तर पुढचं वाचा. आणि हे घरी आधीच बोलून घ्या, प्रवेश झाल्यावर नाही.

आता तुमच्याकडं काय आहे ते बघू. आपण चाकूरची माणसं "काय करलालास?" म्हणतो, नांदेड-परभणीकडं "काय करायलास?" म्हणतात. पुस्तकात दोन्ही नाहीत. लोक याला अशुद्ध म्हणतात. भाषाविज्ञानात याला सामग्री म्हणतात! उदगीर, देगलूरच्या बाजारात मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी आणि तांड्यावरची गोरबोली एकाच सकाळी कानावर पडते. आपण 'आम्ही' आणि 'आपण' असा फरक करतो. हिंदीत दोन्हींना 'हम'. तेलुगूत मात्र 'मेमु' आणि 'मनमु' अशी आपल्यासारखीच जोडी आहे. हे कसं झालं असेल? असा प्रश्न ज्याला पडतो, त्याच्यासाठी हा विषय आहे.

सांगलीजवळच्या कुपवाडचं उदाहरण बघा. मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी माणसं तिथं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिली. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं, की शब्द वेगवेगळे राहिले पण वाक्यांची बांधणी एकमेकींसारखी होत गेली. हा लेख जगभरच्या वर्गांत शिकवला जातो. आपल्या सीमेवरच्या गावांतही असं काम करता येईल, आणि ते आपल्या पोरांनी करावं असं मला फार वाटतं.

म्हणून माझ्या यादीत पहिलं नाव पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं. १९५० च्या दशकात रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं तिथं भाषाविज्ञानाच्या उन्हाळी शाळा भरल्या. मराठीवर प्रबंध लिहून १९५८ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेलची पीएच.डी. मिळवणारे अशोक केळकर पुढं तिथंच शिकवत होते. मराठीच्या बोलींचं सर्वेक्षणही याच संस्थेनं हाती घेतलं, गावोगावची ध्वनिमुद्रणं त्यात आहेत. अर्ज करण्याआधी ती ऐका. आपल्या भागातलं बोलणं तुमच्या कानाला खरं वाटतं का, ते तपासा. मुंबई विद्यापीठातही भाषाविज्ञानाचा विभाग आहे.

दुसरं नाव हैदराबाद, आणि याचा आपल्याकडं फारसा कुणी विचारच करत नाही. खरं तर निजामाच्या काळात मराठवाड्यातली मुलं शिकायला उस्मानियालाच जात. लातूर रोड स्टेशन आपल्याच तालुक्यात. उदगीर, बीदर, विकाराबाद करत गाडी हैदराबादला जाते. तिथं हैदराबाद विद्यापीठ आहे, इफ्लू आहे, उस्मानिया आहे. संगणक आणि भाषा यांची सांगड घालायची असेल तर ट्रिपल आयटीही आहे. तेलुगू-मराठी संबंधांवर काम करायचं तर याहून जवळची जागा नाही.

तिसरं दिल्ली. जेएनयू आणि दिल्ली विद्यापीठ सीयूईटी-पीजीतून प्रवेश देतात, हैदराबाद विद्यापीठही. म्हणजे एका परीक्षेत तीन दारं. शिकवणं इंग्रजीतून असतं. त्याची धास्ती घेऊ नका, पण आजपासून रोज दोन पानं वाचा. परदेशाचं एम.ए.नंतर बघा. अमेरिकेत पीएच.डी.ला बऱ्याच ठिकाणी फी माफ होऊन वर विद्यावेतन मिळतं, एम.ए.ला ते क्वचितच.

निवडताना माहितीपत्रकातले इमारतींचे फोटो बघू नका. अभ्यासक्रम काढा. क्षेत्रकार्याला, म्हणजे गावात जाऊन भाषा नोंदवण्याला, किती श्रेयांक आहेत? गेल्या काही वर्षांतल्या प्रबंधांचे विषय काय आहेत? तिथल्या दोन प्राध्यापकांचा एकेक लेख वाचा. अर्धाच कळला तरी चालेल. वसतिगृह मिळतं का, हे मात्र तिथं शिकणाऱ्या मुलांनाच विचारा. तीन-चार अर्ज पुष्कळ झाले. दहा अर्ज म्हणजे नुसता फीचा खर्च.

जिथं अर्जाबरोबर निवेदन मागतात, तिथं "मला लहानपणापासून भाषेची आवड आहे" असं लिहू नका, सगळेच लिहितात. त्याऐवजी या सुट्टीत आजीचं अर्धा तास बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा, तिला आधी विचारून. त्यातली 'करलालो', 'जालालो' अशी क्रियापदं वहीत उतरवा. मी, तू, तो, ती, आम्ही, सगळी रूपं मांडा. कुठं अडलात तेही लिहा. ते पान घेऊन शाळा सुटल्यावर माझ्याकडं या, आपण बसून बघू.