कार्यकर्ता का गळतो?

सेवाकार्याचा शुभारंभ करणे फारसे कठीण नसते. एखाद्या वस्तीत अभ्यासिका सुरू करायची म्हटले, की जागा मिळते, सतरंज्या मिळतात, फळा मिळतो. उद्घाटनाला चार मान्यवर येतात आणि पहिल्या महिन्यात शिकवायला दहा-बारा जणही उभे राहतात. खरी कसोटी लागते ती तिसऱ्या वर्षी. तोपर्यंत नव्याचे नऊ दिवस सरलेले असतात. दहांचे चार झालेले असतात, त्यांतील दोघे परीक्षेच्या वा नोकरीच्या निमित्ताने थांबलेले असतात आणि सारा भार उरलेल्या दोघांच्या खांद्यावर येऊन पडलेला असतो. मग एका संध्याकाळी कुलूप उघडत नाही. मुले येतात, ओट्यावर थोडा वेळ बसतात आणि परत जातात. आठवडाभराने ती यायचीच थांबतात. वार्षिक अहवालात मात्र ते केंद्र ‘चालू’ म्हणूनच नोंदवलेले असते.

दिघ्यासारख्या भागात या प्रश्नाचे गांभीर्य अधिक तीव्रतेने जाणवते. नवी मुंबईच्या उत्तर टोकाला, ठाणे-बेलापूर मार्ग आणि पारसिकचा डोंगर यांच्या सान्निध्यात हा भाग वसला आहे. एकीकडे औद्योगिक पट्टा आणि दुसरीकडे इलठणपाडा, गणपतीपाडा, ईश्वरनगर, यादवनगर यांसारख्या दाट वस्त्या. राज्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून आणि परप्रांतांतून पोटासाठी आलेली कुटुंबे येथे एकमेकांना खेटून राहतात. ठाणे-वाशी मार्गावर २००४ मध्ये लोकल धावू लागली. परंतु दिघ्याला स्वतःचे स्थानक मिळण्यास १२ जानेवारी २०२४ हा दिवस उजाडावा लागला. २०१५ मध्ये अनधिकृत इमारतींवर कारवाईचे न्यायालयीन आदेश झाले, तेव्हा आयुष्याची पुंजी घालून घेतलेले घर हातचे जाणार या धास्तीने येथील कित्येक कुटुंबांची झोप उडाली होती. नोकरी कंत्राटी, पाळी बदलती आणि छप्पर अनिश्चित. अशा घरातील मुलाच्या दृष्टीने रोज ठरल्या वेळी दार उघडणारी अभ्यासिका आणि त्याला नावाने ओळखणारा ताई-दादा ही आयुष्यातील मोजक्या स्थिर गोष्टींपैकी एक असते. ती स्थिरता आपणच एकदा देऊन मग काढून घेतली, तर ते केंद्र मुळात सुरूच न करणे अधिक बरे, असे म्हणण्याची पाळी येते. म्हणून कार्यकर्त्यांची गळती हा केवळ संघटनेचा अंतर्गत प्रश्न मानता येणार नाही.

या गळतीचे एक सोयीस्कर स्पष्टीकरण बैठकांतून नेहमी ऐकू येते. हल्लीच्या पिढीत समर्पण उरलेले नाही. घरचे खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजायला कोणाला वेळ नाही, असे सांगून विषय संपवला जातो. हे निदान वस्तुस्थितीला धरून नाही. हीच पिढी गणेशोत्सवात रात्र रात्र मंडपात उभी असते. २०२० च्या टाळेबंदीत धान्याची पाकिटे आणि औषधे दारोदार पोहोचवायला हीच मुले पुढे आली होती. त्या वेळी तोंडाला मुखपट्टी लावून गल्लोगल्ली हिंडलेल्या तरुणांपैकी आज किती जण कोणत्या ना कोणत्या नियमित कामात आहेत, याची नोंद किती संस्थांनी ठेवली? समर्पण त्यांच्यापाशी होते आणि आजही आहे. संकट ओसरल्यावर त्यांच्या हाती दुसरे निश्चित काम देणारा मात्र कोणी भेटला नाही.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. १९०५ या एकाच वर्षी, जगाच्या दोन टोकांना, सेवेच्या दोन अगदी भिन्न संस्था जन्माला आल्या. फेब्रुवारीत शिकागो येथे पॉल हॅरिस यांनी रोटरीची पहिली बैठक घेतली आणि जूनमध्ये पुण्यात नामदार गोखले यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. रोटरीने आपापला व्यवसाय सांभाळून सेवा करू इच्छिणाऱ्या गृहस्थाश्रमी माणसाला हाक दिली. पुढे १९२९ मध्ये मुंबईतही तिचा क्लब निघाला. साप्ताहिक बैठकीची सक्ती हा तिचा कणा होता. परंतु बदलत्या जीवनमानात ती सक्ती जाचक ठरू लागली आणि २०१६ मध्ये बैठकांचे व उपस्थितीचे नियम सैल करावे लागले. कितीतरी वर्षांपासून तिची जागतिक सदस्यसंख्या बारा लाखांच्या आसपासच घुटमळत आहे. जितके येतात, जवळजवळ तितकेच जातात, हाच त्याचा अर्थ. तरीही त्याच संस्थेने १९८५ मध्ये पोलिओ निर्मूलनाचा संकल्प सोडला आणि तो दशकानुदशके धरून ठेवला. भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. या यशात शासनाचा आणि लक्षावधी आरोग्यसेवकांचा वाटा मोठा असला, तरी डोळ्यांपुढे स्पष्ट उद्दिष्ट आणि हाती मोजता येणारे काम असेल, तर हौसेने आलेला माणूसही दीर्घकाळ टिकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

गोखल्यांनी नेमका उलट मार्ग धरला. सदस्याला सात शपथा, प्रदीर्घ उमेदवारी आणि जेमतेम निर्वाहापुरते मानधन. साहजिकच ही संख्या कधीच मोठी झाली नाही. परंतु मुंबई महापालिकेतील अभियंत्याची नोकरी सोडून १९१४ मध्ये या समाजात आलेले ठक्करबाप्पा १९५१ मध्ये देह ठेवेपर्यंत सेवेतच राहिले. केवळ शपथेने त्यांना बांधून ठेवले, असे मानणे अपुरे ठरेल. पंचमहालातील भिल्ल समाजाचे काम हे त्यांचे स्वतःचे कार्यक्षेत्र होते. ते त्यांनी उभे केले आणि त्याचे सुखदुःख त्यांचे झाले. त्याच समाजाचे ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. गिरणीतून थकून आलेल्या कामगाराला दिवसा शाळेत येता येत नाही, म्हणून लीगने रात्रशाळा चालवल्या, वाचनालये काढली. संस्थेने आपले घड्याळ कामगाराच्या घड्याळाला जुळवून घेतले. आजच्या दिघ्याला हा धडा शंभर वर्षांनंतरही तंतोतंत लागू पडतो.

माणसे टिकवण्याचे शास्त्र शिकण्यासाठी फार दूर जाण्याचीही गरज नाही. आषाढी वारीतील दिंडी पाहावी. तेथे वीणेकरी असतो, पखवाजवादक असतो, टाळकरी असतात, डोईवर तुळस घेतलेल्या माउली असतात. जो येतो त्याला जागा असते आणि जो येत नाही त्याची जागा रिकामी दिसते. महिलांचा बचतगट पाहावा. रक्कम थोडी असते. पण दर महिन्याला ठरलेल्या दिवशी प्रत्येकीच्या नावापुढे नोंद होते. एखादी आली नाही, तर त्याच संध्याकाळी कोणीतरी तिच्या दारात उभी राहते. दोन्हीकडे पुरस्कार नाहीत की प्रशस्तिपत्रे नाहीत. ठरलेली वेळ, नेमून दिलेले काम आणि अनुपस्थितीची दखल या तीन गोष्टी मात्र आहेत.

१९२५ मध्ये नागपुरात सुरू झालेल्या संघाच्या शाखेची रचनाही याच तीन खांबांवर उभी आहे. रोजचा एक तास, प्रत्येकाकडे काही ना काही दायित्व आणि न आलेल्या स्वयंसेवकाच्या घरी जाणारा गटनायक. ज्यांना रोज येणे शक्य नाही, त्यांच्यासाठी साप्ताहिक मिलनाची योजना पुढे आली, तेव्हा वेळ बदलली; परंतु नियमितता आणि संपर्क सोडला नाही. ही पद्धत ज्यांना वारशाने मिळाली, त्यांनीच आज ती व्हॉट्सअॅपच्या गटावर सोपवून द्यावी, हे मात्र चिंताजनक आहे. बैठकीची सूचना पाठवली, शंभर जणांनी हात जोडल्याचे चिन्ह टाकले आणि प्रत्यक्षात सात जण आले. उरलेल्या त्र्याण्णवांपैकी एखाद्याची आई रुग्णालयात आहे, एखाद्याची नोकरी गेली आहे, एखाद्याला कोणाचा तरी शब्द लागला आहे. हे त्या पडद्यावर दिसत नाही. ते कळण्यासाठी जिना चढून जावे लागते, घरचा चहा घ्यावा लागतो आणि कामाचा विषय न काढता अर्धा तास बसावे लागते.

म्हणून दिघ्यात, आणि दिघ्यासारख्या प्रत्येक सेवावस्तीत, काही गोष्टी आवर्जून कराव्या लागतील. पाळीत काम करणाऱ्या तरुणाकडून रोजच्या सायंकाळची अपेक्षा धरू नये; त्याच्याकडून आठवड्याचे दोनच तास घ्यावेत, पण ते पक्के असावेत. कोणतेही काम एकट्याच्या अंगावर टाकू नये. जोडीदार असला, तर एकाची रात्रपाळी आली तरी केंद्राचे दार उघडते. नव्याला पहिल्याच महिन्यात ‘आमच्या कार्यक्रमाला या’ असे सांगण्याऐवजी ‘या चार मुलांचे गणित तुमच्याकडे’ असे सांगावे. खुर्च्या मांडायला बोलावलेला माणूस खुर्च्या उचलल्या की जातो; चार मुलांचे नाव-गाव ठाऊक असलेला माणूस सहसा जात नाही. लग्न, बाळंतपण, घर बदलणे, आजारपण यांसाठी कार्यकर्त्याला सन्मानाने थांबता यावे आणि परत येताना संकोच वाटू नये. थांबलेल्याला ‘गळलेला’ म्हणणारी जीभ परतीचा रस्ता बंद करते.

त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, वस्तीचे काम वस्तीतील माणसांच्या हाती हळूहळू सोपवले पाहिजे. ठाण्याहून, मुलुंडहून, ऐरोलीहून येणाऱ्या कार्यकर्त्यांचे कष्ट मोलाचे आहेत. परंतु पावसाने रस्ता तुंबला की तो येऊ शकत नाही आणि गल्लीतील ताई मात्र येते. काल अभ्यासिकेत शिकलेली मुलगी आज बारावी झाली असेल, तर उद्या खडू तिच्या हाती असावा. महंताने नवे महंत घडवावेत, ही समर्थ रामदासांची अपेक्षा येथे शब्दशः लागू होते. वर्षानुवर्षे तेच अध्यक्ष, तेच कार्यवाह आणि व्यासपीठावर तेच चेहरे दिसत असतील, तर तरुणाने कोणत्या आशेने थांबावे? कार्यकर्ता अनेकदा कामाला कंटाळत नाही, निर्णयात आपल्याला स्थान नाही याला कंटाळतो. हे ऐकून घेण्याची तयारी ज्येष्ठांनी दाखवली पाहिजे. जागा मोकळी करून देणे हीही सेवाच आहे.

आपल्या संस्था वार्षिकोत्सवाची उपस्थिती मोजतात, सत्कारांची संख्या मोजतात, छायाचित्रांचे अंक काढतात. त्याऐवजी एक साधी नोंद ठेवावी. ज्या आठवड्यात उत्सव नव्हता, पाहुणे नव्हते, छायाचित्रकार नव्हता, अशा पावसाळ्यातील एखाद्या मंगळवारी किती जण आले? जे आले नाहीत, त्यांच्या घरी कोण गेले? या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या कार्यवाहाला वही न उघडता देता येतील, त्याच्या केंद्राचे कुलूप तिसऱ्या वर्षीही उघडलेले दिसेल. ज्यांना ती देता येत नाहीत, त्यांनी पुढच्या उद्घाटनाची पत्रिका छापण्यापूर्वी मागच्या केंद्रातील थांबलेल्या कार्यकर्त्यांची यादी काढावी आणि त्यांतील पहिल्या घराची पायरी चढावी.